शुक्रवारी पळणारा कॉम्प्युटर

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे. उद्या नाही, निवांत बसून नाही, आत्ता. कारण सोमवारपासून मी काल्हेरला एका गोडाऊनमध्ये लागतेय, पार्सल स्कॅन करायला, आणि तिथे गेटवरच मोबाईल काढून घेतात. शिवाय मी स्वतःला ओळखते. थोडे दिवस गेले की मी ही गोष्ट हसत हसत सांगायला लागेन, "अगं काय येडेपणा केला आम्ही!" वगैरे. आत्ता हसू येत नाहीये. म्हणून भराभर टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर माझ्या मामाचा भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत लूमचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचा, कारखाना होता. सोळा लूम, सगळे साधे, जुने. आम्ही मूळचे कोन गावचे. जमीन रस्त्यात आणि बिल्डिंगींत गेली तेव्हा आजोबांनी बाकीच्यांसारखी गाडी न घेता लूम घेतले, आणि घरात ही गोष्ट एखाद्या पराक्रमासारखी सांगितली जायची. मामा त्यातच वाढला. माझ्या मामेभावाला मात्र लूमचं नाव काढलं तरी जांभई येते, तो दिवसभर कॉम्प्युटरवर गेम खेळतो. त्याची पुढे गरज पडणार आहे. त्याची म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची.

कारखान्यात कापड तपासायचं काम मामीचं. दाराजवळच्या कोपऱ्यात एक काचेचं टेबल, खाली ट्यूबलाईट, एका बाजूच्या रोलवरून कापड सुटतं, काचेवरून सरकतं, दुसऱ्या बाजूला गुंडाळलं जातं. मामी स्टुलावर बसून बघायची. कुठे धागा तुटून उभी चीर पडली असेल, तेलाचा डाग असेल, वीण सुटून जाळी झाली असेल, तिथे मोटर थांबवायची आणि कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायची. लग्न झाल्यापासून हेच. मला लहानपणी वाटायचं मामीला टीव्ही आवडत नाही म्हणून ती कापड बघते.

मग मामीचे डोळे गेले. गेले म्हणजे आंधळी नाही झाली, पण साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला काहीतरी झालं, चष्म्याने सुधारण्यातलं नाही असं डॉक्टर म्हणाले. ती तरी बसायची टेबलावर. लाल दोरे कमी झाले. आम्हाला वाटलं माल चांगला निघतोय. मग व्यापाऱ्याकडून ताके परत यायला लागले. ताका म्हणजे कापडाची एक पूर्ण गुंडाळी. टेम्पो भरून गेलेला माल टेम्पोतूनच परत आला की गल्लीतले सगळे बघतात, आणि कुणी काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

मामाचा व्यापारी एकच, त्याला सगळे शेठ म्हणतात. त्याने फोनवर सरळ सांगितलं की आता तो फक्त कॅमेऱ्याने तपासलेला माल घेणार. मोठ्या कारखान्यांनी मशीन बसवलेत. मामाने बसवलं तर पुढचं काम मामाला, नाहीतर राम राम. आणि शेठचं काम गेलं तर कारखाना बंद, कारण दुसरं काम मामाकडे नव्हतंच. एवढी साधी गोष्ट होती. सोळा लूम चालणार की नाही, एवढीच.

आणि मी! मी डिप्लोमा करून घरी बसलेली. कॉलेजात मी फोटोवरून फरशीचे तडे ओळखणारा प्रोग्राम केला होता. मामाने जेवता जेवता शेठचं सांगितलं आणि माझा घास हातातच राहिला.

"मामा, हे मी करू शकते."

"काय?"

"कॅमेरा. टेबलावर लावायचा. प्रोग्राम मी लिहिते. फक्त कॉम्प्युटर तेवढा फास्ट पाहिजे."

"तुझा हाय ना कॉम्प्युटर."

"माझ्या लॅपटॉपवर सिनेमा लावला तरी तो पापड भाजता येईल इतका तापतो."

मामी म्हणाली, "मंग पापड तरी भाज. दोन वर्सं जाली, कायतरी कर."

मला खरं सांगायचं तर इतका आनंद झाला होता ना. काम मिळालं म्हणून नाही. भिवंडीतच, आमच्याच कारखान्यात, मला जे येतं त्याचं काम. मला कुठे जायला नको होतं. मी रात्री झोपताना त्या टेबलाचं चित्र डोळ्यासमोर आणून झोपायचे.

प्रोग्राम झाला. आता प्रश्न, कुठल्या मशीनवर चालवायचा. मोठ्या कारखान्यांनी घेतलेलं तयार मशीन आमच्या आवाक्यातलं नव्हतंच. म्हणून मी बेंचमार्क करायचं ठरवलं. शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे. एकच काम, तेच फोटो, वेगवेगळ्या कॉम्प्युटरना द्यायचे आणि कोण किती वेगात करतो बघायचं. मला याचं वेड आहे, खरंच वेड. मशीन धापा टाकायला लागतं, पंखा ओरडतो, आकडा वर जातो, मला शर्यत बघितल्यासारखं होतं.

कापड टेबलावरून ज्या वेगाने सरकतं त्या हिशोबाने सेकंदाला बारा फोटो तपासून व्हायला हवे होते. त्याच्या खाली गेलं की मध्ये कापडाचा तुकडा न बघता निसटणार. बारा ही आमची पास होण्याची रेघ.

मामाला समजावताना मी अर्धा तास फ्रेम, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड करत होते. शेवटी तो म्हणाला, "म्हंजे आमी लूमची पिकं मोजतो, तसाच ना?" लूम मिनिटाला जेवढे आडवे धागे टाकतो त्याला पिकं म्हणतात. मी म्हटलं हो, अगदी तेच! त्यानंतर मामा रोज मला विचारायचा, "काय गो, तुझ्या डब्यानं आज किती पिकं मारली?" त्याला मजा वाटायची. खूप दिवसांनी त्याला कशाची तरी मजा वाटत होती.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळा लोचा इथे आहे, आणि तेव्हा तो कुणालाच दिसला नाही.

भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे जे काही दुरुस्तीचं, बसवायचं, रंगवायचं, उचलून इकडचं तिकडे करायचं असतं ते शुक्रवारी. इलेक्ट्रिशियन शुक्रवारी. मिस्त्री शुक्रवारी. दाढ दुखत असली तरी लोक शुक्रवारपर्यंत कळ काढतात. चालू दिवशी कारखान्यात माणूस माणसाशी हातवारे करून बोलतो, तिथे कॉम्प्युटर मांडून टेस्ट कोण करणार? त्यामुळे टेस्ट शुक्रवारी, हे ठरवावंसुद्धा लागलं नाही. मामा म्हणाला "शुक्रवारी ये", मी म्हटलं "हो", संपलं.

पहिल्या शुक्रवारी मी तीन मशीन मांडले. एक माझा लॅपटॉप. एक मामेभावाचा गेमिंगवाला, त्याला आतून रंगीबेरंगी दिवे, तो आणताना भाऊ टेम्पोत मांडीवर घेऊन बसला होता. आणि तिसरा एका कल्याणच्या दुकानदाराने दोन-तीन आठवडे वापरून बघायला दिलेला जुना टॉवर, कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेला, त्यात मी सेकंडहँड ग्राफिक कार्ड बसवून घेतलं होतं.

लॅपटॉप, पाच. मामी म्हणाली, "ह्याला घरी ने." भावाचा, तीस! भाऊ कॉलर ताठ करून फिरला आणि लगेच म्हणाला, "मी देणार नाहीये हां, आधीच सांगतो." आणि जुना टॉवर, बावीस.

बावीस! बारा पाहिजे होते, बावीस आले. मी उडीच मारली. टेबलावर खरं कापड लावून मोटर चालू केली, स्क्रीनवर कापड सरकतंय, आणि जिथे डाग तिथे लाल चौकोन, टक्, टक्, एक सुटत नव्हता. मामी स्क्रीनला नाक लावून बघत होती. तिला चौकोन दिसत होते, कारण ते लाल होते आणि मोठे होते. ती म्हणाली, "हा तर माझ्यासारखा दोराच बांधतोय."

मामा लगेच घ्यायला निघाला. मीच थांबवलं! बेंचमार्क एकदा करून चालत नाही, परत परत करायचा, परिस्थिती सगळी तीच ठेवायची, तेच टेबल, तोच दिवा, तीच वेळ. कॉलेजात हेच शिकवलंय. म्हणून पुढच्या शुक्रवारी परत केला. बावीस. त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत. बावीस. काटा हलत नव्हता. मला वाटलं याहून पक्कं काही असू शकत नाही.

टॉवर घेतला. मामीने बटणाला हळदकुंकू लावलं, मामाने नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडलं म्हणून मी किंचाळले. शनिवारी एकेक करून लूम चालू होत होते, तेव्हाच आमचं चेकिंगही चालू झालं.

सकाळी आकडा बावीस. थोड्या वेळाने वीस. मला वाटलं असेल काहीतरी. जेवायच्या सुट्टीपर्यंत पंधरा. दुपारी अकरा. अकरा म्हणजे रेघेच्या खाली, म्हणजे कापड न बघता जातंय. आणि पंखा असा ओरडत होता की लूमच्या आवाजातही ऐकू यायचा. मी प्रोग्राम बघतेय, सेटिंग बघतेय, बंद करून चालू करतेय. शेवटी तापमान बघितलं तर लाल. मशीन फार तापलं की जळू नये म्हणून स्वतःच हळू होतं. मी बाजूचं झाकण काढलं.

आतमध्ये गोधडी होती. खरंच सांगते, पांढरी गोधडी. कारखान्याच्या हवेत कापूस असतो, भुवयांवर बसतो, डब्यातल्या भाजीवर बसतो, आम्हाला तो दिसायचासुद्धा बंद झालाय. पंख्याने तो सगळा आत ओढून घेतला होता आणि एका दिवसात थर दाबून बसवला होता. पहिल्या लूमवरचा कारागीर वाकून बघून गेला. "दीदी, इसको भी खाँसी हो गई क्या?" तो हसला आणि हसता हसता स्वतःच खोकत सुटला.

मी साफ केलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मामीची जुनी ओढणी गुंडाळली तर हवाच जाईना, अजून तापला. मग पोटमाळ्यावर नेऊन ठेवला, खाली कॅमेऱ्यापर्यंत लांब वायर आणली. वर कापूस कमी. तापमान खाली आलं, मी खूश! आणि आकडा? नऊ.

नऊ कसा? मशीन थंड आहे, स्वच्छ आहे, मग हळू का? डोक्याचं भजं झालं. मग मी कॅमेऱ्यातून आलेले फोटो एकेक उघडून बघितले. फोटो हललेले होते. सगळे. लूम चालू असले की आमची जमीन थरथरते, भिंत थरथरते, पाण्याच्या हंड्यावर गोल गोल लाटा येतात. कॅमेरा आधी टेबलाला होता, लांब वायर ओढताना मी तो भिंतीला ठोकला होता, तिथे थरथर अजून जास्त. हललेल्या फोटोत प्रोग्रामला जिथे तिथे फॉल्ट असल्यासारखं वाटतं, प्रत्येक संशयाची जागा तो परत तपासतो, म्हणून वेळ लागतो. चांगल्या कापडावर लाल चौकोनांची नुसती पुरळ. आणि वर सोळा मोटरी एकदम ओढायला लागल्या की लाईट डिम व्हायचा, तेव्हा टेबलाखालची ट्यूबही लुकलुकायची. खाली रबर लावलं, स्पंज लावला, कॅमेरा वेगळ्या लोखंडी स्टँडवर लावला. स्टँडही त्याच जमिनीवर ना.

तरी मला अजून पूर्ण कळलं नव्हतं. ते शुक्रवारी कळलं.

शुक्रवारी मी एकटीच गेले, किल्ली घेऊन. सवयीने मशीन लावलं, कापड सोडलं. बावीस. लाल चौकोन जिथे पाहिजे तिथेच. मी आनंदाने ओरडलेच, "मामीऽऽ!" मामी तिथे नव्हती. माझाच आवाज कारखान्यात फिरून परत आला. आणि मग लक्षात आलं की मला माझा आवाज ऐकू आला. कापूस खाली बसलेला. हंड्यातलं पाणी स्थिर. सोळा लूम गप्प.

आम्ही कारखान्यासाठी कॉम्प्युटर निवडला होता आणि तीनही वेळा तो कारखाना बंद ठेवून निवडला होता. बेंचमार्क खोटा नव्हता. एकदम खरा होता. फक्त ज्या कारखान्याचा होता तो आठवड्यातून एकच दिवस असतो.

मी मामाला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो विचार करून म्हणाला, "मंग शुक्रवारीच चेक करू सगला माल. आठवड्याचा एकदम."

आणि मला ते पटलं! किती सोपं! आम्ही आठवडाभर ताके रचून ठेवले आणि शुक्रवारी एकामागून एक सोडले. मशीन सुसाट. पहिले ताके चांगले गेले. मग एका लूमचा माल आला, आणि त्यात काठापासून हातभर अंतरावर बारीक उभी चीर, लाल चौकोन, लाल चौकोन, लाल चौकोन, ताका संपेपर्यंत. दुसरा ताका, तेच. तिसरा, तेच. त्या लूमवर शनिवारीच धाग्याची वाट कुठेतरी बिघडली होती आणि गुरुवारपर्यंत लूमने तोच फॉल्ट विणला होता. मामीला दिसत होतं तेव्हा ती पहिल्याच दिवशी ओरडायची, लूम थांबायचा, दुरुस्त व्हायचा. मशीनने अगदी बरोबर सांगितलं, फक्त सगळं विणून झाल्यावर.

मामा ताक्यांच्या ढिगावर बसला. म्हणाला, "हुशार हाय गो तुझा डबा. मयताला येऊन सांगतो, मानूस आजारी होता."

त्यानंतर शेठचा फोन आला की तो स्वतः बघायला येतोय. मामा म्हणाला, "शेठ, शुक्रवारी या ना." शेठ म्हणाला, बंद कारखाना बघायला कशाला येऊ? बुधवारी येतो.

बुधवारपर्यंत मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. झोपले नाही, एवढंच. आकडा चालू लूममध्ये दहापर्यंत आणला होता. दहा. दोन कमी.

शेठ आला, पांढरा शर्ट, हातात रुमाल, नाकाला लावलेला. मी टेबलापाशी उभी, पाय कापत होते की जमीन कापत होती, कळत नव्हतं. मी मशीन चालू करणार तेवढ्यात मामाने मला न सांगता जाऊन लूमचा मेन स्विच पाडला.

एकेक करून सगळे लूम थांबले. एवढी शांतता झाली की बाहेरच्या रिक्षावाल्याचं भांडण ऐकू आलं. कारागीर जागच्या जागी उभे, एकमेकांकडे बघतायत. स्क्रीनवर आकडा चढला, तेरा, सतरा, एकवीस. लाल चौकोन अगदी नेमके. शेठ पुढे झाला, चष्मा वर केला, बराच वेळ बघत राहिला. खरंच खूश दिसत होता.

"बढ़िया है. किसने बनाया?"

"मेरी भांजी ने," मामा म्हणाला. असा म्हणाला ना, की मला रडू आलं.

"बहुत बढ़िया, बेटी. लेकिन लूम क्यों बंद किया?"

"पावर गया, शेठ. इधर का रोज का है."

शेठने वर बघितलं. डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता. टेबलाखाली ट्यूब लख्ख. शेठने मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कॉम्प्युटरकडे बघत बसले.

"चालू करो," तो हळूच म्हणाला.

मामा जागचा हलेना. मामी स्टुलावरून म्हणाली, "करा ओ चालू. काय जाते?"

मामाने स्विच वर केला. लूम एकामागून एक उठले, जमीन उठली, स्क्रीनवरचं कापड थरथरायला लागलं आणि लाल चौकोन सगळीकडे, डागावर, डाग नसलेल्यावर, काठावर. आकडा उतरत गेला. चौदा. दहा. सात. मला तो हाताने झाकावासा वाटत होता.

शेठ ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा घेतला, मामीच्या डोळ्यांची चौकशी केली. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "मशीन अच्छा है, बेटी. पर कपड़ा तो लूम चलेगा तभी बनेगा ना." टोमणा नव्हता. माझी समजूत घालत होता.

काम दुसरीकडे गेलं. मामाने कुणाला दोष दिला नाही. त्याने ठरवलं, लूमवर जो बीम चढलाय तो संपेपर्यंत चालवायचा आणि नवा चढवायचा नाही. बीम म्हणजे ताण्याच्या, उभ्या धाग्यांनी भरलेला मोठा रूळ. कुणाचा बीम आधी संपतो, कुणाचा नंतर. त्यामुळे कारखाना एका दिवसात बंद झाला नाही. तो एकेक लूमने बंद झाला. एक थांबला की त्याचा कारागीर आपला डबा आणि लुंगी पिशवीत भरायचा, सगळ्यांना सलाम करायचा आणि निघायचा. त्या खोकणाऱ्या कारागिराचा लूम लवकर थांबला. गावाला जातो म्हणाला. कुठलं गाव ते मी विचारलंसुद्धा नाही.

आणि मी काय करत होते? चेकिंग. कुणीतरी करायला हवं होतं, उरलेला माल तरी नीट जावा. मी रोज मशीन लावायचे, आणि आता जे सांगतेय ते मी मामाला कधीच सांगितलं नाही. जसजसे लूम थांबत गेले तसतसा माझा आकडा वर येत गेला. बारा लूम उरले तेव्हा दहाच्या वर. आठ उरले तेव्हा आकडा रेघेच्या पलीकडे. ज्या आकड्यासाठी मी इतके दिवस मरत होते तो आता आपोआप रोज थोडा थोडा येत होता. मला तो बघायची भीती वाटायची आणि मी बघायचेही. चार लूम उरले त्या दिवशी आकडा सतरा, आणि माझ्या मनात क्षणभर, फक्त क्षणभर, आनंद झाला. सवय हो. मग मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

शेवटचा लूम काल दुपारी थांबला. तो थांबला तेव्हा मामा त्याच्यापाशी नव्हता, बाहेर चहाच्या टपरीवर उभा होता. आवाज थांबल्यावर त्याने मान वळवली नाही. आज सकाळी हा गाळा गोडाऊनसाठी घेणाऱ्यांची माणसं येऊन लांबी-रुंदी मोजून गेली.

ती गेल्यावर मी शेवटच्या लूमचा शेवटचा ताका टेबलावर लावला. मामी येऊन स्टुलावर बसली, कुणी सांगितलं नव्हतं. मशीन चालू केलं. चोवीस. शुक्रवारीसुद्धा कधी चोवीस आले नव्हते. कापड सरळ, संथ सरकत होतं, एकसारखं पांढरं, ताका संपत आला तरी एक लाल चौकोन नाही.

"काय दाखवतो गो?" मामीने विचारलं. "माना कायच दिसत न्हाय."

"काहीच नाही मामी. फॉल्टच नाही. एकही नाही."

मामीने कापडावर हात ठेवला आणि ते हाताखालून जाऊ दिलं.

"मंग आता घेल ना शेठ?"

मी तिच्याकडे बघितलं. ती विचारतच होती. तिला सगळं माहीत आहे, मोजणारी माणसं तिच्यासमोर येऊन गेलीत, तरी ती खरंच विचारत होती. मी मोटर बंद केली आणि पायपुसणं झटकायला बाहेर गेले. तिथूनच हे टाईप करतेय, पायरीवर बसून. आतून तिचा आवाज येतोय, ती ताक्याची घडी घालतेय.

तुम्ही सांगा. तुमच्याकडे असं कधी झालंय का? लूमच पाहिजेत असं नाही, दुकान असेल, शेत असेल, आजारी माणूस असेल, काहीही. सगळं एकदाचं जमलं, एकही खोट राहिली नाही, आणि बघता तर घ्यायला कुणीच उरलेलं नाही? आणि घरातल्या कुणीतरी तुम्हाला असं साधं विचारलं असेल तर तुम्ही काय उत्तर दिलंत?